आरएपीने टाऊ अडला नाही, म्हणून रिसेप्टर निर्दोष ठरतो का? एका अर्धवट निकालाची उकल

टाऊ हे प्रथिन मेंदूतल्या एका पेशीतून दुसऱ्या पेशीत कसं जातं, हा अल्झायमरच्या संशोधनातला मोठा प्रश्न आहे. सान्ता बार्बरा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या केनेथ कोसिक यांच्या गटाने २०२० साली दाखवलं की पेशीबाहेरचा टाऊ आत घेण्यात एलआरपी१ या रिसेप्टरचा, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरून रेणू पकडून आत घेणाऱ्या प्रथिनाचा, मोठा वाटा असतो. त्या पुराव्यातला एक धागा एलआरपी१ ला अडवणाऱ्या आरएपी या प्रथिनाचा होता. पेशी ज्या द्रवात वाढतात त्या माध्यमात आरएपी घातलं की टाऊचं शोषण पडतं. तेव्हापासून अनेक प्रयोगशाळांनी हा प्रयोग आपल्याकडे उभा केला आणि त्यातल्या बऱ्याच जणांना एकाच प्रकारची ठेच लागते. खालचं प्रकरण त्या ठेचेचं आहे. ते कुणा एका प्रयोगशाळेचं नाही, नमुना म्हणून मांडलं आहे. मात्र यातली प्रत्येक चूक प्रत्यक्षात होणारी आहे.

परिस्थिती

एच४ या मानवी न्यूरोग्लिओमा पेशी, २४ वेलच्या (छोट्या खाचांच्या) प्लेट. फ्लुओरेसंट रंग जोडलेला पूर्ण लांबीचा टाऊ, ५० नॅनोमोलर. रिकॉम्बिनंट मानवी आरएपी, २०० नॅनोमोलर. एक तास ३७ अंशांवर ठेवून फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेका पेशीची चकाकी मोजणाऱ्या यंत्रावर, मोजणी. आरएपीच्या जुन्या कुपीने शोषण स्पष्ट खाली यायचं. नवी कुपी उघडली आणि त्याच सुमारास प्रयोग दुसऱ्या हाती गेला. आता आरएपी घातलेल्या आणि न घातलेल्या पेशींमध्ये जेमतेम फरक दिसतो. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. गटाच्या बैठकीत दोन मतं पडली. एकाचं म्हणणं, कुपी खराब आहे, दुसरी मागवा. दुसऱ्याचं म्हणणं, आपल्या पेशींमध्ये टाऊ एलआरपी१ मधून जातच नसेल.

हातातल्या आकड्यांवरून यातलं एकही मत सिद्ध होत नव्हतं. आरएपी त्या दिवशी, त्या पेशींवर, त्याच बफरमध्ये एलआरपी१ बंद करतंय का, हे दाखवणारा नियंत्रण-प्रयोगच मांडलेला नव्हता.

हे प्रथिन करतं काय

आरएपी, म्हणजे एलआरपीएपी१ या जनुकाचं प्रथिन, मुळात पेशीच्या आतलं आहे. त्याची जागा एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये, जिथे अशी प्रथिनं घडतात. एलडीएल रिसेप्टरच्या कुटुंबातले रिसेप्टर तिथे घडत असताना आरएपी त्यांना धरून ठेवतं आणि गॉल्जी या पुढच्या टप्प्यापर्यंत पोचवतं. एलआरपी१ आणि त्याला चिकटणारे एपीओई-सारखे रेणू अनेकदा एकाच पेशीत बनतात. ते वाटेतच एकमेकांना चिकटले तर रिसेप्टर पृष्ठभागावर पोचणार नाही. आरएपी ती जागा अडवून ठेवतं. गॉल्जीत आम्लता वाढते, आरएपीच्या तिसऱ्या डोमेनमधल्या हिस्टिडीनांवर प्रोटॉन बसतात, पकड सुटते. शेवटी असलेल्या हिस्टिडीन-ॲस्परजिन-ग्लुटामेट-ल्युसीन या चार अक्षरांच्या खुणेमुळे रिकामं आरएपी परत मागे पाठवलं जातं. १९९५ साली आरएपी नसलेले उंदीर तयार झाले तेव्हा त्यांच्या यकृतात आणि मेंदूत परिपक्व एलआरपी१ कमी भरला.

प्रयोगशाळेत आपण याच गुणाचा बाहेरून वापर करतो. माध्यमात घातलेलं आरएपी पृष्ठभागावरच्या एलआरपी१ ला घट्ट धरतं आणि दुसऱ्या कुणाला जागा देत नाही. घडवायलाही हे प्रथिन सोयीचं आहे. सिग्नल पेप्टाइड गेल्यावर उरणाऱ्या ३२३ अमिनो आम्लांत एकही सिस्टीन नाही. डायसल्फाइड जुळण्याची कटकट नसल्यामुळे ते ई. कोलायमध्ये नीट घडतं आणि जवळपास सगळं बाजारी आरएपी तिथूनच येतं. हेपारिनला ते चांगलं चिकटतं, म्हणून शुद्धीकरणात हेपारिन-सेफरोजचा स्तंभ कामी येतो. या चिकटण्याचा उपद्रव पुढे येणार आहे.

पहिली तपासणी: कुपीवरचा कागद

जुन्या कुपीत सुटं आरएपी होतं, सुमारे ३९ किलोडाल्टनचं. नव्या कुपीत जीएसटी हे दुसरं प्रथिन जोडलेलं, म्हणजे साधारण ६५ किलोडाल्टनचं. पातळ करण्याचा तक्ता मात्र जुनाच वापरला गेला. सुटं आरएपी १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर ते सुमारे २५.६ मायक्रोमोलर भरतं. २०० नॅनोमोलरसाठी १२८ पट पातळ करायचं, म्हणजे अर्ध्या मिलिलिटरच्या वेलला ३.९ मायक्रोग्रॅम. तेवढेच मायक्रोग्रॅम जीएसटी-आरएपीचे घातले तर प्रत्यक्षात १२० नॅनोमोलरच पडतात.

एवढ्यावर समाधान मानू नये. एलआरपी१ ला आरएपीची पकड काही नॅनोमोलरच्या घरातली आहे. १२० नॅनोमोलरनेही रिसेप्टर बहुतेक भरून जायला हवा. शिवाय जीएसटी जोडीने राहतं, त्यामुळे एका रेणूवर दोन आरएपी येतात आणि पकड उलट वाढूही शकते. म्हणजे मोलर हिशेब चुकला होता हे खरं, पण अख्खा परिणाम नाहीसा होण्याचं ते कारण नव्हे. जीएसटीवालं आरएपी वापरायचं तर तेवढ्याच मोलर प्रमाणात नुसतं जीएसटी घातलेली वेल ठेवावीच लागते, तीही इथे नव्हती. शक्य तिथे सुटं किंवा पुढच्या टोकाला हिस्टिडीन टॅग (शुद्धीकरणासाठीची छोटी शेपूट) असलेलं आरएपी घ्यावं. मागचं टोक तिसऱ्या डोमेनचं, रिसेप्टरला धरणारं, तिथे शेपूट नको. आणि पेशीच्या आत आरएपी व्यक्त करायचं असेल तर मागच्या टोकाचा टॅग ती परतीची खूण झाकतो आणि आरएपी बाहेर स्रवायला लागतं.

प्रमाण स्वतः मोजून घ्यावं. सुट्या आरएपीत ५ ट्रिप्टोफॅन आणि ६ टायरोसीन आहेत, त्यावरून २८० नॅनोमीटरला मोलर शोषणांक साधारण ३६,४०० येतो. म्हणजे १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरला शोषण जवळपास ०.९६. ही मोजणी वाहक प्रथिन घालण्याआधीच करायची. कुपीत बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं वाहक प्रथिन, असेल तर हा आकडा बीएसएचा असतो, आरएपीचा नव्हे. सोबत १२ टक्के जेलवर १ मायक्रोग्रॅम चालवावं. एक स्वच्छ पट्टी हवी. खाली दुसरी पट्टी दिसली तर एखादा डोमेन तुटल्याचा संशय धरावा. आरएपीचे तीन डोमेन लवचिक दुव्यांनी जोडलेले आहेत आणि प्रोटिएज आधी तिथेच घाव घालतात.

नव्या कुपीचं जेल स्वच्छ निघालं.

दुसरी तपासणी: ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे तो प्रयोग

एलआरपी१ चा भरवशाचा प्रवासी, म्हणजे त्याच्यातून आत जाणारा रेणू, म्हणजे सक्रिय केलेलं अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन. ते जवळपास निव्वळ याच रिसेप्टरमधून आत जातं. आरएपीची कुपी चालते की नाही हे ठरवायला याहून चांगली कसोटी नाही, आणि टाऊच्या प्रत्येक प्रयोगाबरोबर तिच्या दोन-चार वेल ठेवाव्यात असं आमचं ठाम मत आहे.

इथे 'सक्रिय' हा शब्द मोलाचा आहे. रक्तद्रवातून काढलेलं तसंच अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन एलआरपी१ ला चिकटत नाही. त्यातला थायोएस्टर बंध तुटला की रेणू आकसतो आणि रिसेप्टरला धरणारा भाग उघडा पडतो. यासाठी २०० मिलिमोलर मेथिलअमाइन, पीएच ८ च्या आसपास, खोलीच्या तापमानाला रात्रभर. नंतर मेथिलअमाइन डायलिसिसने पूर्ण काढायचं. ते उरलं, किंवा बफर ट्रिसचा असला, तर पुढे घातलेला एनएचएस-एस्टर रंग त्या अमाइनांनाच चिकटून वाया जातो. म्हणून हेपेस किंवा फॉस्फेट बफर धरावा. सक्रिय झालंय का, हे नेटिव्ह जेलवर दिसतं. आकसलेला रेणू जलद धावतो, पट्टी खाली सरकते. रंग बेताने लावायचा, एका ७२० किलोडाल्टनच्या चौकडीला चार ते आठ रेणू पुरेत. रंग लायसीनांवर बसतो आणि रिसेप्टरला धरायलाही १३७० आणि १३७४ या जागांवरची लायसीनंच लागतात. चकाकी वाढवायच्या नादात जास्त रंग लावला तर प्रवासी आंधळा होतो. टाऊच्या बाबतीतही हाच धोका आहे, कारण एलआरपी१ ला धरायला त्याचीही लायसीनं लागतात.

मांडणी अशी: रंगीत अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन ५ नॅनोमोलर, म्हणजे ३.६ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. आरएपी ०, २, ६, २०, ६०, २०० आणि ६०० नॅनोमोलर. एका वेलमध्ये ५० पट बिनरंगी सक्रिय अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन, तो आपला तळ. एक वेल ४ अंशांवर. माध्यमात सीरम नको, कारण गाईच्या सीरममध्ये स्वतःचं अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन असतं. त्याऐवजी डीएमईएम हे पेशींचं नेहमीचं माध्यम, २० मिलिमोलर हेपेस पीएच ७.४ आणि ०.५ टक्के बीएसए. आरएपी आधी १५ मिनिटं, मग ते न काढता त्यातच प्रवासी.

'न काढता' यावर जोर देण्याचं कारण आहे. एलआरपी१ आरएपीलाही आत घेतो. आत गेलेल्या थैलीच्या, म्हणजे एंडोसोमच्या, आम्लात आरएपी सुटतं, लायसोसोममध्ये मोडतं आणि रिकामा रिसेप्टर परत वर येतो. आरएपी लावून धुऊन टाकलं आणि मग टाऊ घातला, तर काही मिनिटांत मोकळे रिसेप्टर कामाला लागलेले असतात.

हा प्रयोग नव्या कुपीने प्लेटला चिकटलेल्या पेशींवर केला तेव्हा वक्र व्यवस्थित आला. २०० नॅनोमोलरच्या आधीच शोषण तळाला टेकलं. म्हणजे कुपी ठीक होती. मग हीच मांडणी नव्या हाताच्या पद्धतीने केली, आणि आरएपी नसलेल्या वेलमध्येच अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन आत जाईना.

चूक कुठे होती

जुन्या पद्धतीत पेशी प्लेटवर असताना टाऊ घातला जायचा आणि नंतर ट्रिप्सिनने पेशी सोडवल्या जायच्या. नव्या पद्धतीत सोय म्हणून पेशी आधी कॅल्शियम ओढून घेणाऱ्या ५ मिलिमोलर ईडीटीएने सोडवल्या, एकदा कॅल्शियम नसलेल्या पीबीएस या क्षारद्रावणाने धुतल्या आणि त्याच पीबीएसमध्ये तरंगत असताना आरएपी व टाऊ घातले. वाचताना फरक किरकोळ वाटतो. पण एलआरपी१ चा प्रवाशाला धरणारा भाग ३१ छोट्या घड्यांचा असतो. प्रत्येक घडी तीन डायसल्फाइड आणि एका कॅल्शियम आयनावर उभी असते. कॅल्शियम गेलं की घडी सैल होते आणि आरएपीच्या लायसीनांना पकडणारा खळगाच मोडतो. नुसत्या कॅल्शियमविरहित पीबीएसने हे लगेच होत नाही, घड्या कॅल्शियम घट्ट धरून असतात. ईडीटीए ते उपसून काढतं, आणि मग पीबीएसमध्ये परत भरायला काही नसतं.

थोडक्यात, नव्या पद्धतीत एलआरपी१ बंदच होता. आरएपी कुणाला अडवणार?

मग टाऊ दिसत का होता? कारण टाऊला दुसरं दार आहे. पेशीच्या पृष्ठभागावरचे हेपरान सल्फेट प्रोटिओग्लायकॅन, म्हणजे साखरेच्या साखळ्या लावलेली प्रथिनं, टाऊला धरतात, आणि त्या धरण्याला कॅल्शियम लागत नाही. त्यात पेशी सोडवून झालेल्या असल्यामुळे शेवटी ट्रिप्सिनही दिलं गेलं नाही. पृष्ठभागाला नुसता चिकटलेला टाऊही 'शोषण' म्हणून मोजला गेला.

ही गोष्ट आकड्यांत आधीच दिसायला हवी होती, ती एका सवयीमुळे लपली. प्रत्येक दिवसाचे निकाल त्या दिवशीच्या आरएपी नसलेल्या वेलला १०० टक्के धरून मांडले जात होते. कच्ची चकाकी काढून पाहिल्यावर कळलं की पद्धत बदलल्या दिवसापासून तो '१००' च खाली आला होता. टक्केवारीचा आलेख काढण्याआधी कच्चे मध्यक शेजारी-शेजारी ठेवले असते तर कुपीवर संशय घ्यायची वेळ आली नसती.

दुरुस्ती सरळ होती. शोषण प्लेटवर, कॅल्शियम असलेल्या माध्यमात. डीएमईएममध्ये ते १.८ मिलिमोलर असतंच. एक तासानंतर बर्फावर, थंड पीबीएसने दोनदा धुणं. मग ट्रिप्सिन आणि प्रोटिनेज के, दोन्ही ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, ५ मिलिमोलर ईडीटीएसह. हे मिश्रण पेशी सोडवतं आणि पृष्ठभागावरचा प्रवासी खरवडून काढतं. इथे ईडीटीए चालतं, किंबहुना हवंच, कारण आत जायचं ते जाऊन झालेलं असतं.

एक छोटी गळती याच वेळी सापडली. आरएपीचा ५ मायक्रोमोलरचा मधला साठा साध्या नळीत, वाहक प्रथिनाशिवाय, फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस ठेवला जात होता. इतक्या पातळ द्रावणातलं प्रथिन प्लास्टिकला चिकटत जातं. मधला साठा त्याच दिवशी, ०.१ टक्का बीएसएसह, कमी चिकटणाऱ्या नळीत करावा. मुख्य साठा उणे ८० ला, एकदाच वापरायच्या छोट्या वाट्यांत. कोरड्या भुकटीची कुपी आधी फिरवून घ्यावी, मग किमान १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर राहील इतक्याच पाण्यात किंवा बफरमध्ये विरघळवावी, व्होर्टेक्स न करता. परदेशातून मागवायचं असेल तर भुकटीच बरी. मुंबईच्या कस्टम्समध्ये खोका चार दिवस जास्त राहिला की ड्राय आइस उडून जातो, आणि गोठलेल्या द्रावणाचं मध्ये काय झालं ते कुणी सांगू शकत नाही.

परिणाम परत आला, पण त्याचा अर्थ काय

दुरुस्तीनंतर २०० नॅनोमोलर आरएपीने टाऊचं शोषण पुन्हा पडलं. गटाला लगेच लिहावंसं वाटलं की टाऊ एलआरपी१ मधून जातो. इथे थांबायला हवं, आणि आमच्या मते या प्रकरणाचा खरा कस इथेच लागतो.

आरएपी फक्त एलआरपी१ ला धरत नाही. व्हीएलडीएल रिसेप्टर, मेगॅलिन, सॉर्टिलिन, एसओआरएलए या दुसऱ्या रिसेप्टरांनाही धरतं. एलडीएल रिसेप्टरला पकड बरीच सैल, शेकडो नॅनोमोलरच्या घरात. म्हणून 'जास्त घातलं तर खात्री जास्त' या हिशेबाने १ मायक्रोमोलरपर्यंत गेलं की तोही यादीत येतो. आणि आरएपी हेपारिनला चिकटतं हे वर आलंच आहे. हेपारिनसारख्याच असलेल्या हेपरान सल्फेटला टाऊही चिकटतो. तेव्हा जास्त मात्रेत आरएपी टाऊला रिसेप्टरवरून नव्हे, तर साखरेच्या त्या साखळीवरून हुसकावत असेल, ही शक्यता खरी आहे.

हे वेगळं करायला एलआरपी१ नसलेल्या पेशी लागतात. एच४ मध्येच क्रिस्परने जनुक काढणं उत्तम. ते होईपर्यंत उंदराच्या फायब्रोब्लास्टची जुनी जोडी आहे: एमईएफ-१ मध्ये एलआरपी१ असतो, पीईए-१३ मध्ये नसतो. पीईए-१३ स्यूडोमोनासच्या एक्झोटॉक्सिन ए ला न जुमानणाऱ्या पेशी म्हणून निवडल्या गेल्या, कारण ते विष एलआरपी१ मधूनच आत जातं. दोन्ही पेशींवर आरएपीची तीच मात्रा-मालिका चालवायची. रिसेप्टर नसलेल्या पेशीतही आरएपीने टाऊ घटला, तर तेवढी घट एलआरपी१ च्या खात्यात टाकता येत नाही. ज्या मात्रेला रिसेप्टर असलेल्या पेशीत परिणाम पूर्ण आहे आणि नसलेल्या पेशीत शून्याजवळ आहे, ती आपली कामाची मात्रा. २०० नॅनोमोलर हा आकडा लेखांतून उचलून चालत नाही, तो आपल्या पेशींवर शोधावा लागतो.

हेपरान सल्फेटचा वाटा मोजायला दोन मार्ग. शोषणाआधी पेशींना हेपरान सल्फेट कापणारं हेपारिनेज द्यायचं, किंवा ज्यात ग्लायकोसअमिनोग्लायकॅन (अशा साखरेच्या साखळ्या) बनतच नाहीत अशा सीएचओ पीजीएसए-७४५ पेशी वापरायच्या. माध्यमात हेपारिन ओतणं हा सोपा मार्ग या प्रयोगात टाळावा. ते टाऊलाही धरतं आणि आरएपीलाही, मग कोण कशामुळे अडलं ते सांगता येत नाही.

पुढची पायरी: मायक्रोग्लिया

एच४ मधलं काम मार्गी लागल्यावर हेच मायक्रोग्लियावर, म्हणजे मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशींवर, करायचं ठरलं. इथे कुपीचा एक वेगळा गुण आडवा येतो. ई. कोलायमधून आलेल्या प्रथिनात एंडोटॉक्सिन, म्हणजे त्या जंतूच्या आवरणातलं विष, असतं. कागदावर 'प्रति मायक्रोग्रॅम १ युनिटहून कमी' असं लिहिलेलं असतं आणि ते वाचून आपण निर्धास्त होतो. हिशेब करून पाहा: २०० नॅनोमोलर आरएपी म्हणजे ७.८ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. मर्यादेच्या अगदी कडेला असलेली कुपी वेलमध्ये प्रति मिलिलिटर ७.८ युनिट टाकेल, म्हणजे जवळपास ०.८ नॅनोग्रॅम एंडोटॉक्सिन. एच४ ला त्याचं फारसं काही वाटणार नाही. मायक्रोग्लिया मात्र एवढ्यावर जाग्या होतात, दाहाचे संदेश देणारी सायटोकाइन सोडतात, आणि त्यांची शोषण्याची वृत्तीच बदलते.

प्रति मायक्रोग्रॅम ०.०१ युनिटच्या आसपासचा साठा मिळवावा. आपल्याच प्रयोगशाळेत शुद्ध करत असाल तर प्रथिन निकेल स्तंभावर बसलेलं असताना ४ अंशांवर ०.१ टक्का ट्रायटन एक्स-११४ असलेल्या बफरचे भरपूर हात द्यावेत आणि नंतर ट्रायटन धुऊन काढावा. एंडोटॉक्सिन मोजणाऱ्या एलएएल चाचणीत ज्ञात एंडोटॉक्सिन मिसळून ते ५० ते २०० टक्क्यांत परत मिळतंय का, हे पाहावंच. उकळलेलं आरएपी हे नियंत्रण इथे दुहेरी फसवं आहे. एंडोटॉक्सिन उकळून मरत नाही, आणि सिस्टीन नसलेलं हे हेलिक्सचं प्रथिन थंड झाल्यावर पुन्हा घडी घालू शकतं. त्याऐवजी प्रोटिनेज के ने आरएपी पचवून, एन्झाइम निष्क्रिय करून, तो द्रव नियंत्रण म्हणून घालावा. त्यात आरएपी उरत नाही, एंडोटॉक्सिन उरतं. त्या वेलमध्ये टीएनएफ-अल्फा हे सायटोकाइन वाढलं, तर ती कुपी मायक्रोग्लियासाठी बाजूला ठेवायची आणि एच४ साठी वापरून टाकायची.